खात्यात चुकून ४२,५०० रुपये जमा झालेत. फोन करणाऱ्याला परत पाठवू का?

प्रश्न: मधुकोष_सातारा

वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या पेन्शनच्या बचत खात्यात शुक्रवारी रात्री ९.४० ला ४२,५०० रुपये जमा झालेत. ही पेन्शन नाही, ती आधीच आली आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये नोंदीत आधी 'आयएमपीएस', मग बारा आकडे, मग एक अनोळखी नाव आणि शेवटी दुसऱ्याच एका बँकेची चार अक्षरं दिसतात.

शनिवारी सकाळी एका माणसाचा फोन आला. "काका, मुलीच्या कॉलेजची फी होती, चुकून तुमच्या खात्यात गेली. ५०० तुम्ही ठेवा, ४२,००० माझ्या या नंबरवर गुगल पे करा." तो नंबर टाकून पाहिला तर वेगळंच नाव दिसतं, नोंदीतल्या नावाशी जुळत नाही. दुपारी परत फोन: संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर पोलिसात जातो. वडील घाबरलेत, "देऊन टाक आणि मोकळा हो" म्हणतात. आज दुसरा शनिवार, बँक थेट सोमवारी उघडणार.

१) पैसे परत कसे करायचे, म्हणजे नंतर अंगाशी येणार नाही?
२) बँक आम्हाला न विचारता खात्यातून पैसे काढू शकते का?
३) दर महिन्याच्या १० तारखेला याच खात्यातून एक हप्ता जातो. त्यात हे पैसे खर्च झाले तर?
४) समजा कुणीच मागायला आलं नाही, तर?

---

काउंटरपलीकडून

पहिली गोष्ट, त्या नंबरवर एक रुपयासुद्धा पाठवू नका. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जायला हवेत, तेही बँकेच्या हातून आणि लेखी. बाकी सगळं याच एका गोष्टीसाठी करायचं आहे.

आधी पैसे खरंच आलेत का ते पक्कं करा. तुम्ही अ‍ॅपमध्ये नोंद पाहिली आहे, म्हणजे आलेत. पण इतर वाचकांसाठी सांगतो: अशा प्रकरणांत पैसे आलेलेच नसतात असंही होतं, फक्त 'क्रेडिटेड' असा बनावट मेसेज आलेला असतो. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, तिथे बँकेचं अक्षरी हेडर असतं. मेसेजमधल्या शिल्लकेवर विश्वास न ठेवता अ‍ॅप, पासबुक किंवा एटीएममधली मिनी स्टेटमेंट पाहायची.

मग नोंद नीट वाचा. यूपीआय आणि आयएमपीएसला (बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवायची सोय) १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. एनईएफटीचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, १६ अक्षर-अंकांचा आणि आरटीजीएसचा २२ चा. 'एसीएच' किंवा 'एनएसीएच' (एकाच वेळी अनेक खात्यांत पैसे जमा करायची यंत्रणा) दिसलं तर बहुधा लाभांश, व्याज किंवा सरकारी रक्कम असते. 'एपीबीएस' म्हणजे आधारवरून आलेलं अनुदान. 'रिव्हर्सल' म्हणजे तुमचाच अडकलेला व्यवहार परत आला. कित्येक 'अनोळखी' रकमा शेवटी आपल्याच निघतात: प्राप्तिकराचा परतावा, पीक विमा, एफडीचं व्याज, म्युच्युअल फंडाची विक्री. पेन्शनच्या खात्यात महागाई भत्त्याचा फरकही येतो, पण तो कोषागाराकडून किंवा बँकेच्या पेन्शन केंद्राकडून येतो, एखाद्या व्यक्तीच्या नावाने आयएमपीएसने येत नाही. त्यामुळे तुमच्याकडचे पैसे परके आहेत हे धरून चाला.

सोमवारपर्यंत थांबूही नका. वडिलांच्या खात्याला जो ई-मेल जोडलेला आहे त्यावरून आजच शाखेला आणि बँकेच्या ग्राहक सेवेला मेल करा. ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. शनिवार-रविवारची वेळ त्या मेलवर उमटते, आणि "कळताक्षणी कळवलं" याला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

सोमवारी पत्र द्या. मजकूर साधा ठेवा:

"विषय: खाते क्र. (शेवटचे चार आकडे) मध्ये अनोळखी व्यक्तीकडून जमा झालेली रक्कम.
दि. (तारीख) रोजी रात्री ९.४० वा. माझ्या वरील खात्यात आयएमपीएसने ₹ ४२,५०० (अक्षरी बेचाळीस हजार पाचशे) जमा झाले. संदर्भ क्र. (१२ आकडे). पाठवणाऱ्यास मी ओळखत नाही व ही रक्कम माझी नाही. ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करण्यास माझी संमती आहे. तोवर ही रक्कम माझ्या खात्यात होल्ड करावी. अन्य कोणत्याही खात्यात, तसेच रोखीने, ही रक्कम देण्यास माझी संमती नाही. या रकमेसाठी मला (नंबर) वरून (तारीख, वेळ) फोन आले."

दोन प्रती काढा. सोबत ती नोंद असलेलं स्टेटमेंटचं पान जोडा. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर इनवर्डला, म्हणजे आलेल्या पत्रांची नोंद होते त्या टेबलावर, द्या. पोच मागणं हा तुमचा हक्क आहे. संयुक्त खातं असेल तर दोघांच्याही सह्या घ्या.

यात लोक कुठे चुकतात ते सांगतो. कोरी विड्रॉल स्लिप किंवा कोरा चेक सही करून देतात. किंवा समोर उभ्या असलेल्या माणसाला काउंटरवरून रोख काढून देतात. असं केलं की तुमच्या खात्यात 'आयएमपीएसने आले, रोखीने काढले' एवढीच नोंद उरते, परत दिल्याचा पुरावा राहत नाही. पुढे खऱ्या मालकाने त्याच्या बँकेतून दावा केला की ४२,५०० दुसऱ्यांदा भरावे लागतात.

हप्त्याबद्दल: खात्यातली शिल्लक ४२,५०० च्या खाली जाऊ देऊ नका, एवढंच पाळा. १० तारखेच्या आधी हप्त्यापुरते स्वतःचे पैसे खात्यात आहेत ना ते पाहा. होल्ड लागला की ती रक्कम 'अव्हेलेबल बॅलन्स'मधून वगळली जाते, मग ती हप्त्यात जात नाही. पण हप्त्यापुरते बाकी पैसे नसतील तर हप्ता परत जाईल आणि दंड बसेल. ऑटो स्वीप असेल तर जादा रक्कम आपोआप एफडीत वळते. तेही पत्रात लिहा, नाहीतर परतीच्या दिवशी शाखेला आधी एफडी मोडावी लागते.

"वेगळ्या खात्यात सुरक्षित ठेवतो" असा विचार मात्र करू नका. पैसे जिथे आलेत तिथेच राहू द्या. हलवले की प्रश्न वाढतात.

---

सायबर_कट्टा

त्या फोनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरा धोका तिथे आहे.

फोन करणारा खरा असू शकतो. खात्याचा एक आकडा चुकला तर पैसे परक्याला जातात, कारण जमा करताना नावाची पडताळणी न करता केवळ खाते क्रमांकावर रक्कम जमा करायची मुभा बँकांना फार पूर्वीपासून आहे. नाव दाखवण्याची सोय यूपीआयमध्ये होती. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी रिझर्व्ह बँकेने ती एप्रिल २०२५ पासून द्यायला लावली. आजही घाईत कुणी नाव पाहिलं नाही तर चूक होतेच.

पण तुमच्या बाबतीत दोन खुणा वाईट आहेत. परतफेडीचं नाव वेगळं आहे आणि "५०० तुम्ही ठेवा" म्हटलंय. ज्याची फी चुकून गेली तो ५०० रुपये सोडत नाही, आणि पैसे आपल्याच खात्यात मागतो.

फसवणुकीची साखळी अशी असते. कुणाच्या तरी खात्यातून ठकवून पैसे काढतात. ते थेट स्वतःकडे घेतले तर माग लागतो, म्हणून मधे दोन-चार अनोळखी खाती घालतात. एका खात्यात पैसे टाकून 'चुकून आले' म्हणून पुढच्या खात्यात मागवणं हा त्यातला स्वस्त मार्ग आहे, भाड्याचं खातं घ्यावं लागत नाही. ज्याचे पैसे गेले तो १९३० वर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकतो. मग पैसा ज्या ज्या खात्यातून फिरला त्या प्रत्येक बँकेला सूचना जाते. तुमच्या खात्यात ४२,५०० आले आणि ४२,००० दुसऱ्या नावाने बाहेर गेले, एवढंच तपास अधिकाऱ्याला दिसतं. तुमचं खातं साखळीतली एक कडी ठरतं. आणि ठेवलेले ५०० रुपये दलालीसारखे दिसतात! ही रक्कम मुद्दाम देऊ करतात, हे वडिलांना नक्की समजावून सांगा.

पैसे जागेवर असतील तर चित्र अगदी वेगळं असतं. तेवढ्या रकमेवर लीन (ती रक्कम खात्यात अडवून ठेवल्याची बँकेची नोंद) लागते, ती मूळ माणसाला परत जाते, आणि तुमचा मेल व पत्र आधीच बँकेत असतं.

परत फोन आला तर एवढंच सांगायचं: "तुम्ही तुमच्या बँकेत किंवा ज्या अ‍ॅपवरून पाठवलेत तिथे चुकीच्या खात्यात गेल्याची तक्रार करा. आमच्या बँकेला विनंती आली की आमची संमती तयार आहे." खऱ्या माणसाला हा रस्ता पुरेसा असतो, त्याला त्याच्या बँकेतून संदर्भ क्रमांकासह तक्रार करता येते. खोटा माणूस इथे आवाज चढवतो. पोलिसात जातो म्हणाला तर जाऊ द्या, तुमच्या हातात पोच आहे.

आणखी तीन गोष्टी:

त्याने पाठवलेला क्यूआर कोड, लिंक किंवा 'रिफंड'साठीचं अ‍ॅप उघडायचं नाही. स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप घेतलं की ओटीपी त्याला दिसतो आणि ४२,५०० सोडाच, पेन्शनही जाते. यूपीआय पिन फक्त पैसे पाठवताना आणि शिल्लक बघताना लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही.

संभाषणात खाते क्रमांक, आधार, जन्मतारीख यांतलं काही सांगायचं नाही. "नाव कन्फर्म करा" म्हणतात तेव्हा 'हो'सुद्धा म्हणू नका.

फोनचे स्क्रीनशॉट ठेवा: नंबर, तारीख, वेळ. व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं असेल तर डिलीट करू नका. धमकी वाढली तर त्याच पुराव्यासह जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन त्याचीही पोच घ्या.

---

मधुकोष_सातारा

दोघांचेही आभार. मेल लगेच केला. सोमवारी शाखेत गेलो, तर तिथे "पाठवणाऱ्याच्या बँकेकडून रिक्वेस्ट आली नाही, आम्ही आमच्या बाजूने काही करू शकत नाही, तुम्ही बघा" असं उत्तर. पाठवणाऱ्याचा खाते क्रमांकही देत नाहीत. पत्र घेतलं, पोच दिली. होल्ड लावायलाही का कू करतायत.

---

काउंटरपलीकडून

पोच मिळाली, हे महत्त्वाचं झालं.

पाठवणाऱ्याचा खाते क्रमांक ते देणार नाहीत आणि देऊही नये, ती त्यांच्यावरची गोपनीयतेची जबाबदारी आहे. तुम्हाला त्याची गरजही नाही. संदर्भ क्रमांकावरून बँकेला ते खातं दिसतं.

"रिक्वेस्ट आली नाही" हे अर्धं खरं आहे. एरवी सुरुवात पाठवणाऱ्याच्या बाजूने होते: त्याची बँक एनपीसीआयच्या (यूपीआय, आयएमपीएस चालवणारी संस्था) तक्रार यंत्रणेतून विनंती टाकते, तुमची बँक खातेदाराची संमती घेते आणि रक्कम उलट पाठवते. पण लाभार्थी स्वतः लेखी सांगतोय म्हटल्यावर शाखेने ते प्रकरण मुख्य कार्यालयाच्या डिजिटल पेमेंट किंवा रिकन्सिलिएशन (व्यवहारांचा मेळ घालणाऱ्या) विभागाकडे पाठवायला हवं. काउंटरवरच्या माणसाच्या हातात ती कळ नसते, म्हणून तो नाही म्हणतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मॅनेजरला म्हणा: "हे पत्र वर पाठवा आणि ज्या मेलने पाठवाल त्याची प्रत मला द्या." एवढं मागितलं की काम हलतं.

होल्ड लावायला मॅनेजर तयार नसेल तर वडिलांच्या सहीचा वेगळा, दोन ओळींचा अर्ज द्या: "माझ्या स्वतःच्या विनंतीवरून खात्यात ₹ ४२,५०० एवढ्या रकमेवर लीन नोंदवावी." खातेदाराची स्वतःची विनंती असली की नकार द्यायला कारण उरत नाही. आकडा जरूर लिहा. नुसतं 'खातं होल्ड करा' लिहिलं तर अख्खं खातं डेबिट फ्रीज होण्याचा, म्हणजे त्यातून काहीच काढता न येण्याचा, धोका असतो आणि पेन्शन अडकते.

मग वाट बघायची. उत्तर आलं नाही तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. नाव-पत्ता शाखेतल्या फलकावर आणि संकेतस्थळावर असतो. तक्रार देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. पोच घेतलेलं पत्र तिथे जोडावं लागतं, म्हणून त्या शिक्क्यासाठी एवढा आग्रह धरला.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला होता. चूक बँकेची स्वतःची असेल, म्हणजे एकाचा चेक दुसऱ्याच्या खात्यात टाकला किंवा रक्कम दोनदा जमा झाली, तर बँक ती नोंद उलटवू शकते; तुम्हाला कळवणं तिचं कर्तव्य आहे. तिसऱ्या माणसाने पाठवलेली रक्कम मात्र तुमच्या संमतीशिवाय किंवा पोलीस-न्यायालयाच्या आदेशाशिवाय काढत नाहीत. म्हणून तर संमतीपत्र लागतं.

एक उपप्रकार राहू नये: कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टच्या खात्यात परकी रक्कम आली की ती लगेच कर्जाची बाकी कमी करते. बचत खात्यात किमान शिल्लकेचा दंड थकलेला असेल तर तोही कापला जातो. अशा वेळी पत्र त्याच दिवशी द्यावं. उशीर झाला तर परत द्यायला खात्यात रक्कमच नसते आणि खिशातून भरावी लागते.

---

कलमवाली_वकील

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण "खात्यात आले म्हणजे माझे" हा समज फार पसरलेला आहे.

भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७२ सांगतं की चुकीने दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने परत केले पाहिजेत. चूक कुणाची, पाठवणाऱ्याने दुर्लक्ष केलं का, याने परत देण्याचं बंधन जात नाही. वसुलीचा दिवाणी दावा चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत लावता येतो. म्हणजे "सहा महिने कुणी मागितलं नाही, आता सुटलो" याला आधार नाही. हेच तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर. कुणी आलं नाही तरी पैसे खात्यात, लीनखाली, तसेच राहू द्यायचे.

फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे, पूर्वीचं भादंवि ४०३. हातात निर्दोषपणे आलेली वस्तू परकी आहे हे कळल्यावर अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणं हा अपहार. १ जुलै २०२४ पासून याला किमान सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. जुन्या कलमात किमान शिक्षा नव्हती, नुसत्या दंडावरही सुटता येत होतं. इथे सगळा भर 'कळल्यावर काय केलं' यावर असतो, आणि तुमचा मेल नेमकं तेच दाखवतो.

हे पुस्तकातलंच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० ते १३ तारखेच्या दरम्यान युको बँकेत आयएमपीएसच्या गडबडीमुळे सुमारे ८२० कोटी रुपये ४१,००० खात्यांत जमा झाले; पाठवणाऱ्यांच्या खात्यांतून प्रत्यक्षात काही वजाच झालं नव्हतं. बँकेने खाती रोखून ६४९ कोटी काही दिवसांतच परत मिळवले. पण अनेकांनी तेवढ्यात पैसे काढले होते. सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि मार्च २०२४ मध्ये राजस्थान व महाराष्ट्रात ६७ ठिकाणी झडत्या झाल्या.

दुसरं उदाहरण आपल्या पैठण तालुक्यातलं, आणि ते वाचून वाईट वाटतं. २०२१ साली एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात १५ लाख रुपये आले. सरकारनेच दिले असं समजून त्याने ९ लाख काढून घर बांधलं. पैसे होते एका ग्रामपंचायतीच्या निधीचे. काही महिन्यांनी बँकेने परत मागितले तेव्हा ते भिंतींत गेले होते. त्याच्या मनात फसवायचं नव्हतं, तरी देणं उभं राहिलंच. म्हणून मोठी रक्कम आली की आधी शाखेत लेखी विचारा, "ही कसली?" आणि उत्तरही लेखी घ्या.

खातं पोलिसांच्या सूचनेवरून गोठवलं गेलं तर काय, हेही लिहून ठेवते. बँकेकडून लेखी घ्या: कोणतं पोलीस ठाणं, तक्रारीचा पोच क्रमांक, किती रक्कम, कोणत्या तारखेचा व्यवहार. ठाणं परराज्यातलं असू शकतं. तपास अधिकाऱ्याला मेलने स्टेटमेंट, तुमचं बँकेला दिलेलं पत्र आणि ओळखपत्र पाठवा, आणि मागणी नेमकी करा: "वादातली ₹ ४२,५०० एवढीच रक्कम रोखावी, बाकी खातं मोकळं करावं." केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत गोठवणं संशयित रकमेपुरतं ठेवायला सांगितलं होतं, अर्जात त्याचा उल्लेख उपयोगी पडतो. तेवढ्यानेही झालं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पेन्शनचं खातं असल्याचं ठळक लिहा.

---

गल्लीतला_हिशेबनीस

हे सगळं मोठ्या रकमेला ठीक. यूपीआयवर कुणाचे ३०० रुपये चुकून आले तर शाखेत पत्र कोण देणार? अ‍ॅपच्या इतिहासात जाऊन त्याच नोंदीवर 'पे' दाबायचं, त्याच यूपीआय आयडीला पैसे जातात. दोन मिनिटांत विषय संपतो.

---

सायबर_कट्टा

@गल्लीतला_हिशेबनीस, तीनशे रुपयांना तुमची पद्धत मान्य, पण अटी तीन. इतिहासातल्या मूळ नोंदीवरूनच पाठवायचे, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. रक्कम तंतोतंत तेवढीच. आणि शेऱ्यात 'चुकून आलेली रक्कम परत' आणि मूळ व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक लिहायचा.

मोठ्या रकमेला हे करू नका, आणि त्याचं कारण लक्षात घ्या. तुमच्याकडे ज्या खात्यातून पैसे आले ते खातंच ठकाच्या ताब्यात असेल, तर 'त्याच खात्यात परत' केल्यावरही पैसे ठकालाच जातात. मूळ बळी त्याच्या एक पायरी मागे असतो. बँकेमार्फत गेलं तर मधे कुणीतरी ते खातं आधीच तक्रारीत आहे का हे पाहतं. यूपीआयच्या बटणाला ते कळत नाही.

शिवाय थोडे पैसे टाकून मागोमाग पैसे मागणारी विनंती पाठवायची आणि शिल्लक बघायच्या घाईत पिन टाकायला लावायचं, असाही प्रकार झाला आहे. व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा कलेक्ट विनंत्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या, पण दुकानदारांच्या विनंत्या चालूच आहेत. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर 'पे' लिहिलंय की 'शिल्लक', ते वाचा.

---

तलाठी_कचेरीजवळ

सरकारी योजनांचे पैसे चुकून आले तर रस्ता वेगळा. आधारवरून येणारं अनुदान खाते क्रमांकावर जात नाही; आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं असेल त्या खात्यात जातं. अर्ज भरताना आधारचा आकडा चुकला की एकीचा हप्ता दुसरीला. हे बँक उलटवत नाही, कारण बँकेच्या लेखी व्यवहार बरोबर असतो.

ज्या विभागाची योजना त्याच्या तालुका कार्यालयात लेखी कळवा आणि परतफेड कशी करायची ते लेखी घ्या. पीएम-किसानच्या पोर्टलवर ऑनलाइन परताव्याची सोय आहे. राज्याच्या पैशांना चलन भरावं लागतं आणि त्यावर लेखाशीर्ष (पैसे सरकारच्या कोणत्या खात्यावर जमा व्हायचे त्याचा क्रमांक) बरोबर हवं. अंदाजाने कुठल्याही शीर्षाखाली भरलं तर पैसे तिजोरीत जातात पण तुमच्या नावावरची वसुली तशीच उभी राहते, मग ते निस्तरायला वर्ष जातं. चलनाची प्रत विभागाला देऊन पोच घ्या.

---

कलमवाली_वकील

अजून एक प्रकार वाढतोय, मागितलंच नसताना खात्यात कर्ज जमा होण्याचा. कुठलंतरी अ‍ॅप उतरवलेलं असतं, परवानग्या दिलेल्या असतात, ४,००० येतात आणि आठवड्यात ७,००० मागतात. इथेही तेच: पैसे वापरू नका. कर्ज देणारी संस्था कोणती ते लेखी मागा. वसुली करणाऱ्याच्या खासगी यूपीआयवर भरू नका, संस्थेच्या स्वतःच्या खात्यातच परत करा आणि खातं बंद झाल्याचं पत्र घ्या. मग क्रेडिट रिपोर्ट तपासा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक रिपोर्ट फुकट मिळतो.

---

मधुकोष_सातारा

वेगळा अर्ज दिल्यावर लीन लागली. अ‍ॅपमध्ये एकूण शिल्लक तशीच आहे आणि वापरायची शिल्लक ४२,५०० ने कमी दिसते. मॅनेजरने वर केलेल्या मेलची प्रत दिली. फोनवाल्याला 'तुमच्या बँकेत तक्रार करा' सांगितल्यापासून त्याचा फोन आलेला नाही. शेवटचं एक: पैसे परत गेले हे आम्हाला कळणार कसं? आणि रिटर्न भरताना हे दाखवायचं का?

---

काउंटरपलीकडून

लीन नुसती निघाली आणि रक्कम तिथेच राहिली, तर पैसे परत गेलेले नाहीत, हे आधी लक्षात ठेवा. परत गेले की ४२,५०० ची डेबिट नोंद येते आणि तिला स्वतःचा नवा संदर्भ क्रमांक असतो. शाखेकडून दोन ओळींचं पत्र घ्या, ज्यात आलेल्या आणि गेलेल्या दोन्ही व्यवहारांचे क्रमांक एकत्र असतील. रक्कम पूर्ण ४२,५०० गेली आहे आणि कुठलं शुल्क वडिलांच्या माथी पडलं नाही ना, तेही पाहा. पडलं असेल तर तिथेच परत मागा.

प्राप्तिकरासाठी ही रक्कम उत्पन्न नाही, ती कधी तुमची नव्हतीच. रिटर्नमध्ये दाखवायची नाही. मार्चअखेर रक्कम खात्यातच पडून असेल तर पोच घेतलेलं पत्र त्या वर्षाच्या कागदांत लावून ठेवा, विचारणा झाली तर तेच द्यायचं. आणि मूळ माणूस महिनाभरात पुढे आला नाही तर शाखेला एक स्मरणपत्र द्या, आधीच्या पत्राचा इनवर्ड क्रमांक घालून.